जुनाट खोकला: इनहेलर लागू पडेल का, हे कोणत्या तपासणीतून कळेल?

खोकला आठ आठवड्यांवर गेला, एक्स-रे स्वच्छ आला आणि डॉक्टर स्टिरॉइडचा इनहेलर सुचवत आहेत. त्याचा गुण येईल का, याचा अंदाज घ्यायला तीन तपासण्या आहेत. श्वासनलिकेत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींमुळे सूज आहे का, हेच तिन्ही शोधतात. अशी सूज असेल, तर स्टिरॉइड लागू पडण्याची शक्यता वाढते.

सर्वांत थेट उत्तर बेडक्यातून मिळतं. खारट पाण्याचा फवारा हुंगून बेडका काढतात आणि पेशी मोजतात. इओसिनोफिल 3 टक्के किंवा जास्त असतील, तर फुंकण्याची तपासणी (स्पायरोमेट्री) नॉर्मल असूनही इनहेलर उपयोगी पडू शकतो. पण काहींना बेडका पडतच नाही, आणि ही सोय मोजक्याच ठिकाणी असते.

रक्ताची तपासणी सोपी आणि स्वस्त, म्हणून तीच बहुतेकांच्या वाट्याला येते. रिपोर्टमधली टक्केवारी पाहून थांबू नका. एकूण पांढऱ्या पेशी 8000 आणि इओसिनोफिल 4 टक्के, म्हणजे संख्या 320. साधारणपणे 300 च्या पुढचा आकडा वाढलेला धरतात. मात्र जंत किंवा त्वचेची ॲलर्जी असली तरी तो वाढतो. दिवसाच्या वेळेनुसारही बदलतो. रक्तातला आकडा फुप्फुसाचंच सांगतो असं नाही.

तिसरी तपासणी फेनो, म्हणजे श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूचं मोजमाप. यंत्रात सुमारे दहा सेकंद एकसारखा श्वास सोडायचा, निकाल लगेच. मोठ्यांमध्ये 25 पीपीबीच्या (अब्जात इतके भाग) खाली कमी, 50 च्या वर जास्त. मधल्या आकड्यावरून ठाम काही बोलता येत नाही. धूम्रपानाने तो उतरतो, ॲलर्जीच्या सर्दीने चढतो.

माझा कौल फेनो आणि रक्त दोन्ही करण्याला आहे, पण इनहेलर सुरू होण्याआधी. स्टिरॉइड घेतल्यावर फेनो खाली येतो आणि मग निकालाचा अर्थ लावणं कठीण होतं. दोन्ही वाढलेले असतील तर इनहेलर मनापासून, नियमित घ्या. दोन्ही कमी असतील आणि दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर तो महिनोन् महिने ओढत नेण्याऐवजी बंद करण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. खोकल्यासाठी नेमका कोणता आकडा मानावा, हे युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनीही ठरवून दिलेलं नाही. म्हणून निव्वळ आकड्यावरून उपचार नाकारूही नये.

घशाच्या नसा अतिसंवेदनशील झाल्याने येणाऱ्या खोकल्यात मात्र या तिन्ही तपासण्यांचा उपयोग नाही. तिथे गॅबापेंटिन (नसांवर काम करणारं औषध) किंवा स्पीच थेरपी कुणाला लागू पडेल, हे आधी सांगणारी तपासणी अजून रोजच्या वापरात नाही.