कडू चवीने दाखवलेली फट : थ्रीएमचा एफटी-३० फिट टेस्ट संच

संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात पंधरा वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर, रोज बारा बारा तास तोंडावर असणारा एन-९५ मास्क माझ्या चेहऱ्याला नीट बसतच नाही, हे मला गेल्या वर्षी प्रथम कळले. ते कळले थ्रीएम कंपनीच्या एफटी-३० या संचामुळे. मास्क चेहऱ्याला फट न राहता बसतो का, हे पाहणाऱ्या तपासणीला फिट टेस्ट म्हणतात, आणि हा संच त्यासाठीच आहे. तेव्हापासून आमच्या रुग्णालयातील सहकाऱ्यांची तपासणी मी याच संचाने करते आहे. गोवर, कांजिण्या, कोविड असे हवेतून पसरणारे विषाणूजन्य आजार झालेले रुग्ण जिथे दाखल होतात, त्या प्रत्येक रुग्णालयाने तो घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

खोक्यावर छापलेला ९५ हा आकडा मास्कच्या गाळणीचा आहे. गाळायला सर्वांत अवघड असलेले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण ही गाळणी किमान ९५ टक्के अडवते, एवढाच त्याचा अर्थ. गालापाशी किंवा नाकाच्या दांड्याशी राहिलेल्या फटीबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, आणि आत येणारी हवा तर जिथे अडथळा कमी तिथूनच वाट काढते. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना किंवा सक्शन करताना, म्हणजे नळीने स्राव ओढून काढताना, आमचा चेहरा त्याच्या तोंडापासून हातभरही लांब नसतो. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तेव्हा आजारी बालकांना कडेवर घेऊन ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना या दोन तासांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

संचात एक टोपडे असते. डोक्यापासून खांद्यांपर्यंत येणाऱ्या या टोपड्याला समोर पारदर्शक भाग आणि एक छोटे छिद्र असते. त्याखेरीज हाताने दाबायचे दोन नेब्युलायझर (द्रावणाचा बारीक फवारा सोडणारी उपकरणे) आणि दोन द्रावणे, एक सौम्य व एक तीव्र, मिळतात. दोन्ही द्रावणांत बिट्रेक्स हा अतिशय कडू पदार्थ असतो. लहान मुलांनी चुकून पिऊ नयेत म्हणून घरगुती रसायनांत घालतात तोच हा. तपासणीआधी पंधरा मिनिटे साध्या पाण्याखेरीज काही खायचे-प्यायचे नसते. प्रथम मास्क न लावता टोपडे घालून, जीभ किंचित बाहेर काढून तोंडाने श्वास घ्यायचा, आणि सौम्य द्रावणाच्या किती फवाऱ्यांत कडू लागते ते पाहायचे. दहा फवाऱ्यांत चव कळली, तर मास्क लावल्यावर तीव्र द्रावणाचे दहा फवारे आत सोडायचे आणि दर तीस सेकंदांनी आणखी पाच. वीस किंवा तीस फवारे लागले असतील, तर हे प्रमाण त्या हिशेबाने वाढते. त्या धुक्यात उभे राहून सात गोष्टी एकेक मिनिट करायच्या : साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे वळवणे, मान वर-खाली करणे, मोठ्याने बोलणे, कमरेत वाकणे आणि पुन्हा साधा श्वास. बोलण्यासाठी शंभरापासून उलटे आकडे म्हणतात. आमच्याकडे एका सिस्टरने एकोणतीसचा पाढा म्हटला, तोही चालतो. या सात मिनिटांत कुठेही तोंड कडू झाले, तर मास्क गळतो आहे.

माझे तोंड मान वर करताच कडू झाले. त्या दिवशी माझ्यामागून आलेल्या तीन सिस्टरांचेही तेच झाले. आम्हा चौघींचे मास्क कानात अडकवायच्या पट्ट्यांचे, एकाच पुरवठादाराचे होते. कानावरच्या पट्ट्या मास्कला चेहऱ्यावर पुरेसे दाबून धरू शकत नाहीत, हे मी प्रशिक्षणांत ऐकले होते. पण ऐकणे वेगळे आणि ती चव जिभेवर येणे वेगळे. ज्या मास्कच्या भरवशावर मी घरी जाऊन मुलीला जवळ घेत होते, त्याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर डोक्यामागून दोन पट्टे जाणारे, वाटीच्या आकाराचे मास्क आणवले, आणि लहान चेहऱ्यांसाठी लहान मापही मागवले. वरचा पट्टा माथ्याच्या मागच्या भागावर आणि खालचा कानांखाली मानेवर बसला पाहिजे, ही साधी बाबही तपासणीतच नीट समजली. आमच्यातल्या बऱ्याच जणी घट्ट अंबाडा घालतात आणि वाकताना पट्टा त्यावरून घसरतो. अंबाडा खाली मानेवर घेतला की पट्टा जागेवर राहतो. दाढीच्या खुंटांवर मास्क चिकटून बसत नाही, म्हणून ब्रदर मंडळींना तपासणीला येताना आणि पुढे ड्यूटीवरही गुळगुळीत दाढी करूनच यावे लागते. याविषयी थोडी नाराजी झाली, पण एकाला टोपड्यात उभे केल्यावर पुढे चर्चेची गरज उरली नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. निकाल माणसाच्या जिभेवर आणि सचोटीवर अवलंबून असतो. काम लवकर उरकावे म्हणून कोणी कडू लागूनही गप्प राहिले, तर तपासणारीला ते कळत नाही. तीस फवाऱ्यांनंतरही ज्यांना चव कळत नाही, त्यांच्यासाठी ही तपासणी उपयोगाची नाही. गोड चवीच्या सॅकरिनचा एफटी-१० हा संच त्यांना पर्याय ठरू शकतो. एका वेळी एकच व्यक्ती तपासता येते, आणि नेब्युलायझर सकाळी व दुपारी धुऊन, झटकून पुन्हा भरावे लागतात, म्हणून मोठ्या रुग्णालयाने या कामासाठी एक माणूस वेगळा नेमावा. शिवाय हे उत्तर त्याच मास्कच्या त्याच मॉडेलपुरते आणि मापापुरते असते. भांडारात दुसऱ्या कंपनीचा माल आला की तपासणी पुन्हा करायची. अमेरिकेत कायद्याने ती वर्षातून एकदा तरी करावीच लागते. आणि मास्क लावताना हाताने कडा चाचपून करायची रोजची सील चेक या तपासणीमुळे सुटत नाही.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे हा संच फक्त श्वासाच्या वाटेची राखण तपासतो. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन काँगो तापाची साथ आली, तिचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. त्या साथीत पहिल्या रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका दोघेही दगावले. तो विषाणू रक्तातून आणि शरीरद्रवांतून पोहोचतो. तिथे हातमोजे, गाऊन, चेहऱ्यावरचे आवरण आणि ते उतरवण्याचा क्रम यांनाच महत्त्व असते.

आमच्या रुग्णालयात अजून एक गोष्ट बाकी आहे. वॉर्ड झाडणाऱ्या मावशी आणि रुग्णाची ट्रॉली ढकलणारे मामा कंत्राटी असल्याने त्यांना अजून साधे तीन पदरी मास्क मिळतात, जरी ते त्याच खोलीतली तीच हवा घेतात. त्यांच्यासाठी एन-९५ मास्क आणि ही तपासणी दोन्ही मंजूर व्हावीत, असा अर्ज मी दिला आहे. तपासणीच्या वहीत सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टरांच्या नावांपुढे मॉडेल, माप आणि तारीख लिहिलेली आहे. त्यांच्यानंतरची दोन पाने मी मावशी आणि मामांसाठी आखून ठेवली आहेत.