डिजिटल कॅलिपर: सात महिने, पाच सेल आणि नळीवर आलेला खोटा आळ

काडतुसे स्वतः भरणाऱ्यांना दीडशे मिलिमीटरच्या डिजिटल कॅलिपरची (जबड्यांत वस्तू धरून तिचे माप पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) ओळख करून देण्याची गरज नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या सेलविषयी. बटण दाबून कॅलिपर बंद केला की फक्त पडदा विझतो, आतले सर्किट मात्र जागेच राहते. त्यामुळे बहुतांश काळ खोक्यात पडून असलेल्या या यंत्राने सात महिन्यांत पाच एलआर-४४ (बटणाएवढे) सेल फस्त केले. तक्रार केली, तेव्हा विक्रेत्याकडून ‘वापर झाल्यावर बंद करत जा’ असा सल्ला मिळाला.

चौथ्या महिन्यापर्यंत माझे मत ‘माप चोख, भूक राक्षसी’ एवढेच होते. पुढच्या महिन्यात माझ्या .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलचा बोल्ट (काडतूस आत बंद करणारा दांडा) उचलायला जड जाऊ लागला, प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) चपटे दिसू लागले आणि क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग नेहमीपेक्षा सेकंदाला वीसेक मीटर जास्त आला. ही सगळी दाब वाढल्याची लक्षणे. पावडर त्याच डब्यातली होती, वजनही तेच होते. या काडतुसाची सॅमीने (काडतुसांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने) ठरवलेली कमाल दाबमर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि तिच्या आसपास घुटमळण्याची हौस मला नाही, म्हणून गोळीबार तिथेच थांबवला.

संशय नळीवर गेला. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून रिकाम्या नळीतून ठोकत बाहेर काढला, म्हणजे त्यावर नळीच्या आतला ठसा उमटतो, आणि तो मोजला, तर खाचांपाशी असायला हव्या त्या ७.८२ऐवजी ७.७४ मिमी! नळीच अरुंद निघाल्याचे पाहून माझी खात्रीच पटली. गोळीला नळीच्या आतल्या, तिला फिरकी देणाऱ्या अरुंद खाचांत घुसण्यासाठी अधिक जोर लागतो, ती पुढे सरकायला उशीर होतो आणि तेवढ्यात वायूचा दाब चढतो. जर्मन ८×५७ काडतुसाच्या जुन्या नळ्यांसाठीची गोळी सुमारे ८.०८ मिमीची, तर नंतरची ‘एस’ गोळी ८.२० मिमीची, मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग, पण तेवढ्यासाठीच ‘एस’ काडतूस जुन्या नळीत घालू नये असे बजावले जाते. व्यासाचा दुसरा परिणाम याहून वेगळा आहे. .२४३ आणि .३५८ विंचेस्टर या दोन्ही काडतुसांची पुंगळी (पावडर भरायचे पितळी कवच) .३०८चीच, फक्त मान बदललेली, परंतु .३५८च्या नळीचे क्षेत्रफळ .२४३च्या दुपटीहून जास्त असल्याने गोळी सरकेल तशी वायूला दुप्पट जागा मिळते आणि दाब लवकर उतरतो. म्हणूनच .३५८ला झटपट जळणारी पावडर चालते आणि .२४३ला मात्र सावकाश जळणारी लागते.

हा सगळा विचार बरोबर होता, फक्त माझ्या नळीला लागू नव्हता. तिच्यात पाच खाचा आहेत. खाचांची संख्या विषम असली की शिशावरच्या प्रत्येक उंचवट्यासमोर खोलगट भाग येतो, त्यामुळे कॅलिपरच्या सपाट जबड्यांना खरा व्यास सापडूच शकत नाही. लेथवर काम करणाऱ्या एका मित्राने ‘व्ही’ आकाराच्या टेकूचा मायक्रोमीटर (अतिसूक्ष्म माप घेणारे यंत्र) लावला आणि आकडा आला ७.८२. यात कॅलिपरचा दोष नाही, हे मान्य करतो.

मग दाब वाढला कशाने? प्रत्येक गोळीबारानंतर पुंगळी लांबते. .३०८साठी कमाल लांबी ५१.१८ मिमी आहे. त्यापुढे मानेचे तोंड चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) कडेत चिमटले जाते आणि गोळी सहजी सुटत नाही, म्हणून दाब चढतो. मी ठरवले होते सगळ्या पुंगळ्या मोजायचे. प्रत्यक्षात पडदा लुकलुकू लागला की नवा सेल जिवावर यायचा, दहा-बारा पुंगळ्या मोजायच्या आणि उरलेल्या ‘याही तशाच असणार’ म्हणून भरायच्या. त्या खेपेतल्या वापरलेल्या पुंगळ्या आता मोजल्या, तेव्हा अनेक ५१.३०च्या वर निघाल्या. कापून ५०.९३वर आणल्यावर, कमी भारापासून पुन्हा सुरुवात केली आणि बोल्ट पूर्वीसारखा हलका उचलला गेला.

पुंगळीच्या लांबीसाठी या कॅलिपरला पाचपैकी चार तारे देतो. नळीच्या व्यासासाठी तो घेऊ नये. उरलेला एक तारा सेलपायी कापला आहे. हल्ली काम संपले की मी सेल काढून प्रायमरच्या रिकाम्या डबीत ठेवतो. सेलचे झाकण मात्र रोजच्या उघडझापीने सैल झाले असून, त्यावर चिकटपट्टी लावावी लागते.