लाइट गेली की व्हीएम कोण बंद करणार: पायव्हीमोमी, प्रॉक्समॉक्सर की लिबव्हर्ट?

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या मध्यम कारखान्यात सर्व्हर रूम म्हणजे दोन-तीन सर्व्हर, एक स्विच आणि कोपऱ्यात यूपीएस. एका सर्व्हरवर ईआरपी, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर त्याचा डेटाबेस आणि टॅली. हे सगळं चालतं व्हीएममध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्ये. पायथॉन येणाऱ्या माणसाकडे इथं पहिलं काम येतं ते हेच: लाइट गेली की बॅटरी उतरायच्या आत सगळ्या व्हीएम ओळीने बंद करायच्या. पायथॉनमधून व्हीएम हाताळणारी तिन्ही एसडीके, म्हणजे तयार लायब्ररी, खाली याच कामावर तपासली आहेत. व्हीएम चालू करणं तिघांनाही जमतं, फरक कळतो तो बंद करताना.

एसडीके सुटं निवडता येत नाही, ते हायपरव्हायजरच्या, म्हणजे सर्व्हरवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागोमाग येतं. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय असेल तर पायव्हीमोमी, प्रॉक्समॉक्स असेल तर प्रॉक्समॉक्सर, साध्या लिनक्सवर केव्हीएम असेल तर लिबव्हर्ट. म्हणजे प्रश्न खरा उभा राहतो तो नवा सर्व्हर घेताना किंवा व्हीएमवेअरचं नूतनीकरण दारात आल्यावर.

त्या नूतनीकरणाचं गणित छोट्या कारखान्याला जड जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं आणि कायमस्वरूपी परवाने बंद झाले. आता वर्गणी, तीही कोअरवर, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. तुमचा प्रोसेसर ८ कोअरचा असला तरी पैसे १६ चे. फुकटचं ईएसएक्सआय आहे ना, असं कुणी म्हणेल. पण त्यात एपीआय, म्हणजे स्क्रिप्टने हुकूम द्यायची वाट, फक्त वाचण्यापुरता चालतो. व्हीएमची यादी मिळते, बंद करायला गेलात की ‘रिस्ट्रिक्टेड व्हर्जन’चा फॉल्ट अंगावर येतो. या कामाला ते निरुपयोगी.

परवाना असेल तर मात्र पायव्हीमोमी पक्कं आहे. ‘शटडाउन गेस्ट’ या कॉलसाठी व्हीएममध्ये व्हीएमवेअर टूल्स हे मदतनीस सॉफ्टवेअर चालू लागतं; नसेल तर लगेच एरर येते, हे एका अर्थी बरंच. गोची अशी की इतर बरेच कॉल टास्क, म्हणजे काम कुठवर आलं ते सांगणारी नोंद, परत देतात, हा देत नाही. तेव्हा व्हीएम चालू की बंद, म्हणजे पॉवर स्टेट, दर पाच सेकंदांनी स्वतः विचारत राहायचं. दुसरं, लूपमध्ये प्रत्येक व्हीएमचा प्रत्येक गुणधर्म वेगळा मागितला की दरवेळी सर्व्हरकडे फेरी होते. व्हीएम जास्त असतील तर प्रॉपर्टी कलेक्टर वापरून एकदाच सगळं उचला. आणि सगळे होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) एका जागेवरून सांभाळणारं व्हीसेंटर स्वतःच एक व्हीएम असेल तर त्याच्यामार्फत त्यालाच बंद करू नका, जोडणी मध्येच तुटते. शेवटचा टप्पा थेट होस्टला जोडून करायचा.

प्रॉक्समॉक्सर म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या रेस्ट (वेबवरून चालणाऱ्या) एपीआयवरचं पातळ वेष्टण. ते प्रॉक्समॉक्स कंपनीचं नाही, बाहेरच्या लोकांनी चालवलेलं आहे. पण पातळ असल्यामुळे त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. शटडाउनला टाइमआउट १२० सेकंद आणि ‘फोर्स स्टॉप’ (जबरदस्तीने बंद) एवढं दिलं की ऐकलं नाही तरी व्हीएम शेवटी बंद होते. विंडोज सर्व्हर नेमका तेव्हाच अपडेट बसवत असेल तर मात्र हेच ‘फोर्स स्टॉप’ त्याच्या मुळावर येतं. म्हणून डेटाबेसच्या व्हीएमला ३०० सेकंद द्या आणि अपडेट आपोआप बसणं बंद ठेवा.

नवखा माणूस अडखळतो त्या जागा तीन. स्क्रिप्टला पासवर्डऐवजी जे टोकन देतात त्याला ‘प्रिव्हिलेज सेपरेशन’ असतं. वापरकर्त्याचे अधिकार त्याला आपोआप मिळत नाहीत, आणि एररही येत नाही, यादीच रिकामी येते. टोकनला ‘पीव्हीई व्हीएम यूजर’ हा रोल वेगळा द्यावा लागतो. दुसरी जागा: टास्कचं स्टेटस ‘स्टॉप्ड’ दिसलं म्हणजे टास्क संपला एवढंच, तो यशस्वी झाला का ते ‘एक्झिट स्टेटस’मध्ये ‘ओके’ आहे का यावरून ठरतं. तिसरी: लायब्ररीचा मूळ टाइमआउट ५ सेकंदांचा. होस्टवर ताण असला की स्क्रिप्ट एरर देऊन मोकळी होते, काम मात्र तिकडे चालूच असतं. तो ३० करा.

एकाच होस्टचा प्रश्न असेल तर स्क्रिप्टची गरजच नाही. प्रॉक्समॉक्स होस्ट बंद होताना आपल्या व्हीएम सुरू होण्याच्या उलट क्रमाने स्वतःच बंद करतो. स्क्रिप्ट लागते ती ईआरपी एका होस्टवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर असतो तेव्हा, कारण होस्टांमधला क्रम त्याला माहीत नसतो. दोनच होस्टांचं क्लस्टर (एकत्र जोडलेला गट) असेल तर लाइट आल्यावर एकच उठला की क्वोरम, म्हणजे मतांचं बहुमत, नसतो आणि त्यावरच्या व्हीएम सुरू होत नाहीत. तिसरं मत म्हणून एखाद्या छोट्या मशीनवर क्यूडिव्हाइस बसवा.

लिबव्हर्टची नावंच आधी समजून घ्या. ‘क्रिएट’ म्हणजे व्हीएम चालू करणं, ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे वायर उपटणं, डिस्क पुसणं नव्हे. ‘शटडाउन’ लगेच परत येतं, व्हीएम खरंच थांबली का ते ‘इज ॲक्टिव्ह’ विचारून बघायचं. पायथॉनच्या पिपने बसवलंत तर लायब्ररी तिथल्या तिथे कंपाइल होते आणि त्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइल नसल्या की अडते. तुमच्या लिनक्स डिस्ट्रोचं तयार पॅकेज घ्या, आवृत्तीही जुळते. प्रत्येक होस्टला वेगळी जोडणी करावी लागते. एकच सर्व्हर असेल तर ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ सेवेत ‘शटडाउन’ आणि ३०० सेकंद एवढं लिहिलं की पायथॉनशिवाय भागतं.

चौथं एक नाव ऐकू येतं ते ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीच्या ओपनस्टॅकएसडीकेचं. वाट बघण्याची सोय ते या तिघांपेक्षा नीट करतं: ‘वेट फॉर सर्व्हर’ दर २ सेकंदांनी विचारतं आणि १२० सेकंदांनी थांबतं. पण खालचं ओपनस्टॅक दोन सर्व्हरवर चालवणं म्हणजे नसती उठाठेव. क्लाउड शिकवणाऱ्या कॉलेजच्या लॅबला ते शोभतं, फाउंड्रीला नाही.

काहीही घेतलंत तरी स्क्रिप्ट व्हीएमच्या आत ठेवू नका. वेगळ्या छोट्या मशीनवर, यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या नेटवर्क यूपीएस टूल्स या सॉफ्टवेअरच्या जोडीने ठेवा, आणि स्विचलाही यूपीएसवर घ्या. स्विच मेला की स्क्रिप्टचं ऐकणारं कुणीच उरत नाही. बॅटरी १५ मिनिटांची असेल तर ३ मिनिटं वाट, ईआरपीला २, डेटाबेसला ५, होस्टला ३. हाताशी २ मिनिटं उरतात, आणि जुन्या बॅटरीत तीही नसतात. मध्येच लाइट आली तरी सुरू झालेली बंद करण्याची साखळी पूर्ण होऊ द्या.

नवा सर्व्हर घेणाऱ्यांनी प्रॉक्समॉक्सर घ्यावं. व्हीएमवेअरची वर्गणी आधीच भरली असेल तर मुदत संपेपर्यंत पायव्हीमोमी हलवू नका.