ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड: घाट, खारी हवा आणि पावसाळा काढल्यावर

मारुतीची ही गाडी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला स्वतः गाडी ओढू शकणारी मोटर आणि बॅटरी) घ्यावी की साधी, याचं उत्तर शोरूममध्ये नाही, रोजच्या रस्त्यात असतं. रत्नागिरी ते गणपतीपुळे हा आरे-वारेचा रस्ता या गाडीसाठीच बांधल्यासारखा आहे: छोटा उतार, वळण, लगेच चढ. उतारावर मोटर ब्रेक लावते तेव्हा बॅटरीत जमलेली वीज पुढच्याच चढावर खर्च होते आणि इंजिन बराच वेळ बंद राहतं. अशा रस्त्यावर आणि गावातल्या रेंगाळत्या वाहतुकीत 22 ते 24 चं मायलेज सहज मिळतं. कंपनीचा 27.97 चा आकडा विसरलेला बरा.

आंबा किंवा कुंभार्ली घाटात मात्र गणित फिरतं. बॅटरी आहे जेमतेम 0.76 किलोवॉट-तासाची. माणसं-सामान धरून 1600 किलोची गाडी 100 मीटर खाली उतरली की साधारण 0.43 किलोवॉट-तास ऊर्जा सुटते. त्यातली बरीचशी घर्षणात आणि हवेच्या रोधात गेली, तरी लांब घाटाच्या मध्यावरच बॅटरी भरते. मग गाडी पेट्रोल न जाळता इंजिन फिरवून वेग आवरते आणि अचानक घरघर सुरू होते. हा बिघाड नव्हे. तीव्र उतारावर गिअर बी (इंजिनाचा ब्रेक) मध्ये टाका, सपाटीला आलात की परत नेहमीचा डी. विसरून बी मध्येच चालवलीत तर मायलेज खाली येतं.

चढताना याच्या उलट. 1.5 लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन एकटं 92 पीएस देतं, मोटरची साथ मिळाली की एकूण 116. बॅटरी घाटाच्या पायथ्याशीच संपवलीत तर वर ट्रकला ओलांडताना इंजिन नुसतं ओरडतं, वेग मात्र सावकाश वाढतो. ओव्हरटेकच्या आधी बॅटरीचे दांडे बघायची सवय लावा.

आता खारी हवा. मोटरच बराचसा ब्रेक लावते, त्यामुळे डिस्क कमी घासल्या जातात आणि किनाऱ्यालगत त्यांवर लवकर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या, सपाट रस्त्यावर 40 च्या वेगाला गिअर एन (न्यूट्रल) मध्ये घेऊन दोन-तीनदा ब्रेक दाबा. एन मध्ये मोटर ब्रेक लावत नाही, सगळं काम पॅडवर येतं. घाटात हा प्रयोग अजिबात नको.

बॅटरीला थंड हवा केबिनमधूनच जाते, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. मे महिन्यात तिच्यापुढे आंब्याच्या पेट्या रचल्या की बॅटरी तापते आणि पंख्याचा आवाज वाढतो. जांभ्याची लाल धूळही तिथेच अडकते. सर्व्हिसिंगला गाडी देताना जाळी साफ करायला स्वतःहून सांगा, नाहीतर ते काम राहून जातं.

डिकी 265 लिटरची, कारण खाली बॅटरी. गणपतीला पाच माणसं, त्यांच्या बॅगा आणि मखराचं सामान एकत्र मावत नाही. कॅरिअर लावावा लागेल.

गावच्या घरी महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी 12 व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नये. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. शेजाऱ्याला सांगून आठवड्याला अर्धा-पाऊण तास गाडी ‘रेडी’वर (पूर्ण चालू करून, डॅशबोर्डवर तसा दिवा लागलेला) ठेवायची, उघड्यावरच, बंद शेडमध्ये नको. नुसतं ॲक्सेसरीवर ठेवून ती चार्ज होत नाही, उलट उतरते.

पुराचं पाणी डिकीच्या तळापर्यंत पोचलं असेल तर पाणी ओसरल्यावरही पॉवरचं बटण दाबू नका, उच्च दाबाच्या नारिंगी वायरींना हात लावू नका. टोइंगवाल्याला पुढची चाकं उचलूनच न्यायला सांगा, मोटर त्याच चाकांना जोडलेली आहे.

2025 च्या अपडेटमध्ये सगळ्या व्हेरिएंटना सहा एअरबॅग आल्या, ते उत्तम झालं. फोर व्हील ड्राइव्ह मात्र हायब्रिडमध्ये नाही. वाडीची पाखाडी चिखलाची आणि उभ्या चढाची असेल तर माइल्ड हायब्रिडची (मोटर फक्त इंजिनाला हातभार लावते ती) ऑलग्रिप, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हवाली घ्या, मायलेजचा मोह सोडा.

पैशांचं म्हणाल तर वर्षाला 15,000 किलोमीटर, 15 ऐवजी 22 चं मायलेज आणि 105 रुपये लिटर धरलं तर साधारण 33 हजार वाचतात. किमतीतला फरक दोन लाख धरला तर तो सहा वर्षांत फिटतो. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर आहे. गाडी चार वर्षांत विकणार असाल तर हा हिशोब बसत नाही.