डेंग्यूनंतर केस गळतायत? क्लिनिकमध्ये ओटीपी देण्याआधी हे वाचा

आजारातून उठलेल्या पोरापोरींना घाबरवून लुटायचा धंदा जोरात चाललाय. माझे ७३,४९९ रुपये गेले.

सप्टेंबरात डेंग्यू झाला. डिसेंबरात न्हाणीघराची जाळी केसांनी तुंबायला लागली, भांग रुंद दिसू लागला. वय २५, घरी स्थळं बघणं चालू. अशा वेळी ‘फ्री हेअर टेस्ट’ची जाहिरात दिसली तर कोण जाणार नाही?

तिथल्या पांढऱ्या कोटवाल्यानं डोक्यावरून कॅमेरा फिरवला. गळलेला केस चिमटीत धरून टोकाचा पांढरा ठिपका दाखवला. “मूळच निघालंय मॅडम. इथं आता केस येणार नाही.” माझे हातपाय गळाले. मी म्हटलं, मला डेंग्यू झाला होता. तो म्हणाला, “त्याचा काही संबंध नाही.”

तिथंच उठायला हवं होतं! ज्याला ताप कधी आला होता हेसुद्धा विचारावंसं वाटत नाही, तो कसला डॉक्टर? पण समोर स्क्रीनवर आपलीच टाळू शंभरपट मोठी दिसत असताना डोकं चालत नाही हो.

“रजिस्ट्रेशनचा ओटीपी सांगा,” म्हणाले. ते रजिस्ट्रेशन नव्हतं, कर्ज होतं. ७२,००० रुपये, महिना ६,००० चे १२ हप्ते, वर १,४९९ प्रोसेसिंग फी. बदल्यात दोनदा डोक्यात सुया, एक शाम्पू, एक सीरम.

नंतर ६०० रुपये फी घेणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हेच. मूळ त्वचेतच असतं. मोठ्या तापानं पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. या गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. बहुतेकांचं सहा महिन्यांत आपोआप थांबतं, नवे केस येतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या, एवढंच. माझ्या कपाळावर आता बारीक केस दिसतायत.

पोलीस चौकीत म्हणाले, “सही तुमची, ओटीपी तुमचा, ग्राहक कोर्टात जा.” डॉक्टरांची नोंदणी बघणारं ऑफिस म्हणतं, तो डॉक्टरच नाही, म्हणून आमच्याकडे येत नाही. अहो, डॉक्टर नसून सुया टोचतो हीच तर तक्रार आहे! महापालिकेच्या आरोग्य खात्यात अर्जावर शिक्का मारला आणि विषय संपला. कर्ज देणारे म्हणतात, पैसे क्लिनिकला गेले, त्यांच्याशी बोला. हप्ता चुकला की मात्र लगेच फोन, सिबिलची धमकी.

‘ऑफर आजच’ म्हणाले की उठा. ट्रायकॉलॉजिस्ट, म्हणजे केसांचा तज्ज्ञ म्हणवणारा, डॉक्टर असेलच असं नाही, नोंदणी क्रमांक मागा. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय आकडा सांगू नका. मोबाइलवरून दिलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कूलिंग-ऑफ मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं तर दंड न भरता बाहेर पडता येतं. मला हे कुणी सांगितलं नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुमच्या नावावरही असं कर्ज काढलं असेल तर कराराची प्रत आजच लेखी मागा. माझी अजून आलेली नाही.