प्रबंधाला काबूल की दिली?

भाची गोवा विद्यापीठात एमए करते. लढाईने मोडलेल्या देशात सरकार कसं उभं राहतं आणि परकी मदतीचं काय होतं, हा तिचा प्रबंधाचा विषय. देश ठरत नाहीये: अफगाणिस्तान की इंडोनेशियाशेजारचा पूर्व तिमोर (राजधानी दिली)?

वाचायला हवं तेवढं अफगाणिस्तानवर आहे. अमेरिकेने पुनर्बांधणीला दिलेल्या सुमारे १४,५०० कोटी डॉलरचा माग ‘सिगार’ हे तिचंच तपासनीस कार्यालय २००८ पासून घेत होतं, अहवाल फुकट मिळतात. मदतीचा मोठा भाग सरकारी तिजोरीला वळसा घालूनच गेला. परदेशी संस्थेचा ड्रायव्हर सरकारी मास्तरापेक्षा जास्त कमावू लागला, तर मास्तर स्टिअरिंगच धरणार. शिवाय मस्टरवर असलेले, बराकीत नसलेले सैनिक. २०१० मध्ये काबूल बँक गाळात गेली, २०२१ मध्ये सरकारच. अडचण इथेच आहे: शेवट ठाऊक असला की प्रत्येक पुरावा त्याच्याकडेच बोट दाखवतो.

तिमोर लहान, पण मला जास्त रुचतो. १९७५ पर्यंत पोर्तुगालचा, मग इंडोनेशियाचा. १९९९ च्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमतानंतर जाळपोळ झाली आणि २० मे २००२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांनीच कारभार हाकला. भोवती गाव जळालेला आणि साहेब लोक दिलीच्या बंदरात तरंगत्या हॉटेलात! (मांडवीतले कॅसिनो आठवले ना?) २००६ मध्ये पोलीस आणि सैन्यच एकमेकांवर उठले, परकी फौज पुन्हा बोलवावी लागली.

खरा मसाला २००५ च्या पेट्रोलियम निधीत आहे. तेल-वायूचा पैसा आधी निधीत, तिथून संसदेच्या मंजुरीने अर्थसंकल्पात. एकूण तेलसंपत्तीच्या ३ टक्क्यांपर्यंत उचल टिकाऊ मानलेली. जास्त हवी तर संसदेला कारण द्यायचं. कारणं वर्षानुवर्षं मिळत गेली. आता समुद्रातला बायू-उंदान हा तेल-वायूचा साठा आटलाय आणि निधी खर्चून चाललाय. आपल्या गोव्यातही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये लोहखनिज विक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले, तेव्हा तुलनेचं एक प्रकरण घरबसल्या तयार.

भाषेचं म्हणाल तर तिथे तेतुम आणि पोर्तुगीज दोन्ही राजभाषा. पोर्तुगीज तर भाचीच्या विद्यापीठातच शिकता येते.

मी तिमोर म्हटलं. भाची म्हणाली, “आणि तेतुम काय तुम्ही शिकवणार, मामा?” तूर्त तरी पोर्तुगीजवरच भागवावं लागणार.