‘नव्या’ ब्रेक डिस्कचे पैसे घेतले आणि माझ्याच जुन्या डिस्क परत बसवल्या

आमची स्विफ्ट २०१० ची. बाबांनी हौसेने घेतलेली, ते गेल्यापासून मी चालवते. दर पंधरवड्याला आईला घेऊन सातारा-पुणे फेरी असते. उन्हाळ्यात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि पायाखाली पेडल धडधडायचं. वेग ऐंशीच्या वर असला की जास्तच.

पुण्यात घराजवळच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मालकाने चाक काढलं आणि म्हणाला, "ताई, पुढच्या दोन्ही डिस्क गेल्यात. लेथ मशीनवर तासूनही भागणार नाही, बदलाव्याच लागतील." हे निदान बरोबर होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती; ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब आला: कंपनीच्या दोन डिस्क ४,२००, पॅड १,७००, मजुरी ८००. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. मी नको म्हटलं. तिथेच चुकलं.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा जुने पार्ट दाखवा असं आवर्जून सांगितलं. बाबांची ती सवय होती. त्याने कोपऱ्यातून दोन गंजलेल्या डिस्क आणून पुढ्यात ठेवल्या. झिजून कडेला धार आलेली. मी फोटो काढला. चाकाच्या फटीतून आत पाहिलं तर डिस्क चकचकीत, मधला भाग चंदेरी. समाधानाने ६,७०० रुपये दिले.

दीड महिना काही त्रास नव्हता. मग एकदा साताऱ्याहून येताना, खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर जे एस आकाराचं वळण आहे, तिथे पुढचा ट्रक एकदम हळू झाला. ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातातून सुटेल इतकं हललं. गाडी थांबली, काही झालं नाही. पण शेजारी बसलेल्या आईने डॅशबोर्डला लावलेला हात घर येईपर्यंत काढला नाही.

पुढच्या खेपेला साताऱ्यात बाबांच्या ओळखीच्या मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, सोडवून तारेने वर टांगला, डिस्कच्या दोन बारीक आट्यांच्या भोकांत बोल्ट पिळले आणि डिस्क हबवरून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरून, सुटली. ती हातात घेऊन उजेडात धरली. दोन थरांमधल्या हवेच्या खाचांत पापुद्रे सुटलेला गंज होता, बोटाने चोळला तर तपकिरी भुगा पडला. "दीड महिन्यात बाहेरून गंज चढतो पोरी, आत एवढा न्हाई चढत." मधल्या भागावरचा चंदेरी रंग स्प्रेचा निघाला. काकांनी स्क्रूड्रायव्हरने तो खरवडला, तेव्हा खाली उठावाचे आकडे दिसले: कमीत कमी जाडी १५ मिलिमीटर. नवी डिस्क १७ ची असते. मग त्यांनी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावून ती चार ठिकाणी मोजली. कुठे १४.१०, कुठे १४.०२.

म्हणजे माझ्याच डिस्क लेथवर तासून, रंग मारून परत बसवल्या होत्या. तासल्यामुळे पृष्ठभाग सपाट झाला, म्हणून काही दिवस थरथर गेली. पण पातळ डिस्क लवकर तापते आणि तिची जाडी पुन्हा कमी-जास्त व्हायला लागते. फिरताना जाड भाग पॅडना मागे ढकलतो, तोच धक्का पेडलवर येतो. घाट उतरताना सतत ब्रेक मारत राहिलं तर अशी डिस्क तडकूही शकते. पॅड तेवढे खरंच नवे होते.

आणि तो फोटो? काकांनी मोबाइल जवळ धरून पाहिला. त्यातल्या डिस्क भरीव होत्या, हवेच्या खाचाच नाहीत. दुसऱ्या कुठल्यातरी लहान गाडीच्या. मला दाखवायला ठेवलेल्या.

म्हणून जुना पार्ट बघितला एवढ्यावर विसंबू नका. गाडी टाकण्याआधी जुन्या डिस्कच्या मधल्या भागावर चाकाच्या फटीतून ऑइल पेंटचा एक ठिपका लावा आणि तोच ठिपका परत बघायला मागा. नव्या डिस्कचा डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. कोऱ्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून बहुतेक वेळा तेलाचा पातळ थर असतो, तो पुसूनच ती बसवतात. डिस्क बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढतात का, तेही बघा. काकांनी नव्या डिस्क बसवताना त्यातच दहा मिनिटं घालवली, कारण हबवर गंज राहिला तर नवी डिस्कही डोलते. व्हर्नियर लावायला एक मिनिट लागतो, मागताना संकोच करू नका.

पुण्याला येऊन मी त्या डिस्क मालकासमोर ठेवल्या. तो म्हणाला, "ह्या आम्ही बसवल्याच नाहीत. बिल दाखवा." बिल नव्हतं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. ‘कंपनीच्या दोन डिस्क ४,२००’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे. तेवढ्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. डिस्क डिकीत गोणपाटात बांधून ठेवल्यात. निकाल लागेपर्यंत भंगारात देणार नाही.